थायरॉइड कॅन्सर आणि नॉर्मल थायरॉइड: दोघांच्या प्रोटीनमधला फरक लॅबमध्ये नीट कसा मोजायचा

डिझर्टेशनला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा विषय बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. गाइड म्हणतात ट्यूमर घे, शेजारचं नॉर्मल टिश्यू घे, दोन्हीतून प्रोटीन काढ आणि काय वाढलंय काय कमी झालंय ते बघ. ऐकायला सरळ वाटतं, पण थायरॉइड हा सरळ अवयव नाहीये, त्याच्यात एकाच प्रोटीनचा एवढा भरणा असतो की दोन्हीकडे सारखं वजन लोड केलं तरी तुलना सारखी होत नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी गोची हीच आहे. खाली कामाच्या क्रमानेच लिहितोय, जिथे अडकायला होतं तिथे जास्त, बाकी भराभर.

आधी प्रश्न पक्का करा

"कॅन्सर विरुद्ध नॉर्मल" हा प्रश्न अर्धवट आहे. थायरॉइडचे कॅन्सर एकसारखे नसतात. सगळ्यात जास्त पॅपिलरी, साधारण ८० टक्क्यांच्या वर, मग फॉलिक्युलर, मग मेड्युलरी, आणि अगदी थोडे पण फार वाईट म्हणजे ॲनाप्लास्टिक. यातला मेड्युलरी तर वेगळ्याच पेशींपासून होतो, ज्या कॅल्सिटोनिन बनवतात त्या सी-पेशी, आणि या नॉर्मल थायरॉइडमध्ये अगदी चिमूटभर असतात. त्यामुळे मेड्युलरी ट्यूमर नॉर्मल थायरॉइडशी ताडून बघितला तर जो फरक दिसतो तो कॅन्सरचा कमी आणि पेशीच वेगळी असल्याचा जास्त. हे चारही प्रकार एकाच ढिगात टाकून "थायरॉइड कॅन्सर, एन बरोबर वीस" असं करू नका. एक प्रकार धरा, शक्यतो पॅपिलरी, कारण सॅम्पल मिळतात.

दुसरं म्हणजे तिसरा गट ठेवा, साध्या गाठीचा, म्हणजे फॉलिक्युलर ॲडेनोमा किंवा मल्टिनोड्युलर गॉयटर. का, तर दवाखान्यातली खरी अडचण कॅन्सर आणि नॉर्मल ओळखायची नाहीच, ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. अडचण आहे सुईने पेशी काढून केलेल्या टेस्टची. या टेस्टचा निकाल सांगायच्या बेथेस्डा पद्धतीत सहा गट असतात, त्यातला तिसरा आणि चौथा म्हणजे "नक्की सांगता येत नाही". फॉलिक्युलर कॅन्सर आणि फॉलिक्युलर ॲडेनोमा यांच्यातला फरक गाठ कॅप्सूल फोडून बाहेर घुसलीय का, रक्तवाहिनीत शिरलीय का यावर ठरतो, आणि सुईत आलेल्या चार पेशींवरून ते कळणार कसं? मग अर्धं थायरॉइड काढून बघतात आणि कितीतरी गाठी साध्याच निघतात. म्हणून जे प्रोटीन नॉर्मलपेक्षा कॅन्सरमध्ये वाढतं पण ॲडेनोमामध्ये पण तितकंच वाढतं, त्याचा पेशंटला उपयोग शून्य.

कागदपत्रं

इथे शॉर्टकट नाही. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटची लेखी संमती आधी, सॅम्पल नंतर. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून घ्या, त्यात उरलेल्या टिश्यूवर रिसर्च करायचा भाग आहे. संमतीपत्र मराठीत असू द्या आणि पेशंटला समजेल असं असू द्या, "प्रोटिओमिक विश्लेषणास अनुमती" असलं वाक्य त्या माणसाला काही सांगत नाही. ताजं टिश्यू मिळत नसेल तर पॅथॉलॉजीकडे जुने पॅराफिन ब्लॉक (फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेलं टिश्यू) असतात, त्यांचं पुढे सांगतो.

टिश्यू घेणं, म्हणजे अर्धी लढाई

टिश्यू स्वतः कापून घेऊ नका, ग्रॉसिंग टेबलवर, म्हणजे काढलेला अवयव कापून तपासतात तिथे, पॅथॉलॉजिस्टच्या हातूनच घ्या. एक तर डायग्नोसिससाठी लागणारा भाग तुमच्या नळीत गेला तर पेशंटचं नुकसान, आणि दुसरं म्हणजे नुसत्या डोळ्यांना ट्यूमर वाटलेला भाग बऱ्याचदा फायब्रोसिस निघतो.

प्रत्येक तुकड्याचे दोन भाग करायचे. एक लगेच क्रायोव्हायलमध्ये टाकून लिक्विड नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० ला. दुसरा, त्याला चिकटून असलेला, फॉर्मॅलिनमध्ये, त्याची एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे नेहमीचे दोन रंग) स्लाइड करायची आणि तिच्यावरून लिहून ठेवायचं की ट्यूमरच्या पेशी अंदाजे किती टक्के, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) किती, कॉलॉइड (थायरॉइडच्या पिशव्यांमधला घट्ट द्रव) किती, रक्त किती. ही स्लाइड केली नाही तर पुढे आलेल्या कुठल्याही आकड्याचा अर्थ लावता येणार नाही. ट्यूमरच्या पेशी ७० टक्क्यांच्या खाली असतील तर ते सॅम्पल मी तरी घेणार नाही.

नॉर्मल कुठून घ्यायचं यावर वाद होतात. ट्यूमरला खेटून घेतलं तर त्यात ट्यूमरचा परिणाम असतो, समोरच्या लोबमधून घेतलं तर बरं, पण पॅपिलरी कॅन्सर एकापेक्षा जास्त ठिकाणी असू शकतो, त्यामुळे तिथली पण स्लाइड हवीच. आणि हाशिमोटो, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते तो आजार! पॅपिलरी कॅन्सरच्या पेशंटमध्ये हा लिम्फोसायटिक थायरॉयडायटिस वरचेवर सापडतो, म्हणजे तुमचं "नॉर्मल" हे लिम्फोसाइटने भरलेलं, अँटीबॉडीने माखलेलं टिश्यू असू शकतं. अशा पेशंटचा वेगळा गट करा, नाहीतर सरळ वगळा, पण नॉर्मल म्हणून खपवू नका.

वेळ लिहून ठेवा. रक्तवाहिनी बांधली तेव्हापासून गोठवेपर्यंत किती मिनिटं गेली ते. साधी प्रोटीन्स थोडा वेळ तग धरतात, पण फॉस्फेट लागलेली, म्हणजे फॉस्फो-ईआरके वगैरे, बघायची असतील तर मिनिटांत फरक पडतो. ट्यूमर पाच मिनिटांत आणि नॉर्मल चाळीस मिनिटांत गोठवलं तर तुम्ही कॅन्सर नाही, उशीर मोजताय.

काय अपेक्षा ठेवायची

कोरी पाटी घेऊन जाऊ नका. या विषयात बरंच काही पक्कं माहीत आहे आणि तेच तुमच्या प्रयोगाची पहिली परीक्षा आहे.

पॅपिलरीत वाढणारी: गॅलेक्टिन-३, सायटोकेराटिन-१९, फायब्रोनेक्टिन, सायटेड-१, आणि एचबीएमई-१ ही अँटीबॉडी ज्याला चिकटते ते. कॅथेप्सिन बी, ॲनेक्सिन ए-१ आणि एस-१०० कुटुंबातली काही प्रोटीन्स जुन्या टू-डी जेलच्या कामांपासून दिसत आलीयेत. कमी होणारी सगळी थायरॉइडच्या मूळ धंद्यातली: आयोडिन आत ओढणारं सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर, ते चिकटवणारं थायरॉइड पेरॉक्सिडेज, आणि थायरोग्लोब्युलिन. टीटीएफ-१ आणि पॅक्स-८ (थायरॉइडचे जीन चालू ठेवणारी प्रोटीन्स) हे पॅपिलरी आणि फॉलिक्युलरमध्ये टिकून असतात. ॲनाप्लास्टिकमध्ये मात्र थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ सहसा गायबच, पॅक्स-८ काही वेळा उरतं, पी-५३ (बिघडलेल्या पेशीला थांबवणारं प्रोटीन) आणि केआय-६७ (पेशी विभागतायत याची खूण) वर गेलेले.

यामागचं कारण बऱ्याच अंशी समजलेलं आहे. टीसीजीए, म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलस प्रकल्पाने, २०१४ मध्ये जवळपास ५०० पॅपिलरी ट्यूमरचा अभ्यास छापला, त्यात साधारण ६० टक्क्यांत बी-राफ जीनमध्ये व्ही६००ई हा बदल होता. त्याने मॅप-कायनेजचा रस्ता (पेशीला वाढायला सांगणारी साखळी) कायम चालू राहतो आणि पेशी आयोडिनचं काम सोडत जाते, म्हणून सिम्पोर्टर आणि पेरॉक्सिडेज खाली. रास जीनमध्ये बदल असलेले ट्यूमर एवढे बिघडत नाहीत. त्यामुळे जमलं तर प्रत्येक ट्यूमरचं बी-राफ स्टेटस काढून घ्या, नाहीतर तुमच्या ढिगात दोन वेगळे आजार मिसळलेले राहतील आणि स्कॅटर का एवढा येतोय ते कळणार नाही.

(रिपोर्ट हातात घेऊन हे वाचणाऱ्यांसाठी: ट्यूमरमध्ये थायरोग्लोब्युलिन कमी होतं म्हणजे संपतं असं नाही. पूर्ण थायरॉइड काढल्यावर रक्तात ते तपासतात ते याच कारणाने, कारण थायरॉइडच्या पेशींशिवाय दुसरं कोणी ते बनवत नाही. बाकी हा लेख लॅबवाल्यांसाठी आहे, स्वतःच्या रिपोर्टचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

प्रोटीन काढणं

गोठलेला तुकडा वितळू न देता लिक्विड नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात पूड करा. पॅपिलरी ट्यूमरमध्ये कॅल्शियमचे कण आणि फायब्रस टिश्यू असतं, ते चिवट असतं, नॉर्मल मऊ. दोघांना सारखा वेळ होमोजिनायझर लावला तर नॉर्मल पूर्ण फुटतं आणि ट्यूमर अर्धा राहतो. तळाशी गोळा उरलाय का बघा, उरला असेल तर अजून फिरवा, मध्येमध्ये बर्फावर.

वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) करणार असाल तर रीपा बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, १५० मिलिमोलर मीठ, १ टक्का एनपी-४०, ०.५ टक्का सोडियम डीऑक्सीकोलेट, ०.१ टक्का एसडीएस. प्रोटिएज इनहिबिटर वापरायच्या क्षणी घालायचा, पीएमएसएफ पाण्यात लवकर मरतो. फॉस्फो बघायचं असेल तर सोडियम फ्लोराइड आणि ऑर्थोव्हॅनाडेट पण. मास स्पेकला (मास स्पेक्ट्रोमीटर, प्रोटीनचे तुकडे वजनावरून ओळखणारं मशीन) देणार असाल तर ८ मोलर युरिया किंवा एसडीएसवाला बफर, पण युरिया असलेलं सॅम्पल ३७ डिग्रीच्या वर तापवू नका, प्रोटीनवर कार्बामिलेशन होतं.

प्रोटीन मोजायला रीपासोबत बीसीए वापरा, डिटर्जंटमुळे ब्रॅडफर्ड चुकीचा आकडा देतं (दोन्ही रंग बदलावरून प्रोटीन मोजायच्या पद्धती). युरियावाल्या सॅम्पलला मात्र बीसीए करण्याआधी किटवरची मर्यादा बघून पातळ करा, आणि डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालायच्या आधीच मोजा.

आता खरा सापळा: थायरोग्लोब्युलिन

हा भाग सावकाश वाचा. नॉर्मल थायरॉइड म्हणजे पेशींच्या गोल पिशव्या आणि पिशवीच्या आत कॉलॉइड, आणि कॉलॉइड म्हणजे मुख्यतः थायरोग्लोब्युलिन. हे प्रोटीन अवाढव्य आहे, एक साखळी ३३० किलोडाल्टन, जोडी ६६०. नॉर्मल टिश्यूच्या एकूण प्रोटीनमध्ये त्याचा वाटा प्रचंड असतो. पॅपिलरी ट्यूमरमध्ये पेशी दाटीवाटीने, कॉलॉइड कमी.

समजा तुम्ही दोन्हीकडून २० मायक्रोग्रॅम लोड केलं. नॉर्मलच्या २० मध्ये १० मायक्रोग्रॅम थायरोग्लोब्युलिन आहे, ट्यूमरच्या २० मध्ये २. म्हणजे बाकीच्या सगळ्या प्रोटीन्सना नॉर्मलमध्ये जागा उरली १०, ट्यूमरमध्ये १८. पेशीच्या आत काहीही बदललेलं नसताना प्रत्येक प्रोटीन ट्यूमरमध्ये १.८ पट "वाढलेलं" दिसणार. ॲक्टिन पण वाढलेलं, रायबोसोम पण वाढलेलं, माइटोकॉन्ड्रिया पण. पाणी जास्त झालेल्या आमटीत मीठ कमी लागतं तसं आहे हे, मीठ कोणी काढून घेतलेलं नसतं. आणि मग थिसिसमध्ये लिहिलं जातं की कॅन्सरमध्ये अमुक शंभर प्रोटीन्स अपरेग्युलेटेड.

यावर उपाय आहेत, एकही परिपूर्ण नाही, पण दोन तरी करा.

एक, मास स्पेकचा डेटा असेल तर थायरोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन आणि इम्युनोग्लोब्युलिन बाजूला काढून उरलेल्यांची बेरीज धरून नॉर्मलाइझ करा, म्हणजे प्रत्येक आकडा त्या बेरजेने भागा. रक्तवाल्यांना काढायचं कारण तेच, ट्यूमर आणि नॉर्मलमध्ये रक्त सारखं नसतं.

दोन, हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) नॉर्मलाइझ करा. पेशीत हिस्टोनचं वजन जवळपास डीएनएएवढं असतं, आणि माणसाच्या एका साध्या पेशीत डीएनए साधारण ६.५ पिकोग्रॅम, त्यामुळे हिस्टोनच्या सिग्नलवरून पेशी किती याचा अंदाज येतो आणि आकडा "प्रति मायक्रोग्रॅम"ऐवजी "प्रति पेशी" होतो. पॅपिलरीचे क्रोमोसोम बहुतेक वेळा शांत असतात म्हणून इथे ही युक्ती चालते, ॲनाप्लास्टिकमध्ये क्रोमोसोमचा गोंधळ असतो, तिथे जपून. आणि लिम्फोसाइटला पण न्यूक्लियस असतो, म्हणजे हाशिमोटोवाल्या सॅम्पलमध्ये हिस्टोन फसवतो. एच अँड ई स्लाइड इथे परत कामाला येते.

तीन, ताजं टिश्यू असेल तर बारीक चिरून गार पीबीएसमध्ये दोन-तीनदा धुवा, पिशव्या फुटून कॉलॉइड आणि रक्त बरंच निघून जातं. पण मग थायरोग्लोब्युलिनची तुलना विसरा, तुम्ही तेच धुऊन टाकलंय.

वेस्टर्न करताना

थायरोग्लोब्युलिन बघायचं असेल तर १० टक्क्यांच्या जेलमध्ये ते वरच अडकून बसतं, ६ टक्के किंवा ग्रेडियंट जेल घ्या आणि रात्रभर थंडीत वेट ट्रान्सफर. गॅलेक्टिन-३ तीस किलोडाल्टनच्या आसपास येतं, सायटोकेराटिन-१९ चाळीसला. आता लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रोटीन पडलंय हे दाखवणारं) म्हणून सगळे सवयीने जीएपीडीएच ३७ ला किंवा बीटा-ॲक्टिन ४२ ला लावतात, म्हणजे सायटोकेराटिनच्या अगदी गळ्यात गळा, तोच ब्लॉट परत प्रोब केला तर कुठला बँड कोणाचा ते देवालाच माहीत. शिवाय कॅन्सरमध्ये जीएपीडीएच स्वतःच बदलतं, ग्लायकोलिसिसचं एन्झाइम आहे ते. पॉन्सो (ब्लॉटवरचं सगळं प्रोटीन रंगवणारा रंग) करून पूर्ण लेनचा फोटो काढा आणि टोटल प्रोटीनवर नॉर्मलाइझ करा, पण त्यात पण वरची थायरोग्लोब्युलिनची पट्टी वगळून बेरीज धरा.

सिम्पोर्टरसाठी सॅम्पल ९५ डिग्रीला उकळू नका. पडद्यात अनेक वेळा आतबाहेर विणलेली प्रोटीन्स उकळली की गोळा होतात आणि वेलमध्येच राहतात, ३७ ला अर्धा तास पुरे. बँड सरळ रेषेत येणार नाही, पसरट येईल, साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात म्हणून. आणि हाशिमोटोवाल्या टिश्यूत माणसाचं आयजीजी (अँटीबॉडी प्रोटीन) भरपूर असतं, ५० आणि २५ ला भुताटकीचे बँड दिसले तर सेकंडरी अँटीबॉडी ह्यूमनविरुद्ध क्रॉस-ॲडसॉर्ब केलेली आहे का ते बघा.

मास स्पेक

स्वतःकडे मशीन नसतं, बाहेरच द्यावं लागतं, आपल्याकडे आयआयटी मुंबईची मास स्पेक फॅसिलिटी आहे, अजूनही सरकारी संस्था आहेत. पण सॅम्पल बनवणं तुमच्याच हातात. डीटीटीने डायसल्फाइड तोडा, आयोडोॲसिटामाइड अंधारात, युरिया १ मोलरच्या खाली येईपर्यंत पातळ करा, मग ट्रिप्सिन १:५०, ३७ डिग्री, रात्रभर, सी-१८ वर साफ. केराटिनचा त्रास सगळ्यांना होतो, पण इथे तुमचं एक मार्करच केराटिन आहे, त्यामुळे ग्लव्हज आणि स्लीव्हज गंमत म्हणून नाहीत. (कातडीतून येणारी केराटिन्स मुख्यतः १, २, ९, १० ही असतात, १९ नाही, तेवढा दिलासा.)

डीडीए पद्धतीत मशीन सगळ्यात ठळक पेप्टाइड निवडतं, आणि नॉर्मल थायरॉइडमध्ये ते थायरोग्लोब्युलिनचेच तुकडे असतात, म्हणजे बाकीच्यांना पाळीच येत नाही. नॉर्मलमध्ये कमी प्रोटीन्स सापडली यात आश्चर्य नाही. डीआयए पद्धत (यात मशीन अशी निवड न करता सगळीच पेप्टाइड मोजतं) मिळत असेल तर तीच मागा. ॲनालिसिसला मॅक्सक्वांट, डीआयए-एनएन फुकट आहेत.

पॅराफिन ब्लॉक वापरायचे असतील तर घाबरू नका, फॉर्मॅलिनचे बंध एसडीएस असलेल्या ट्रिस बफरमध्ये ९५ डिग्रीला तापवून बऱ्यापैकी सुटतात. पॅथॉलॉजिस्टकडून एच अँड ई स्लाइडवर पेनने ट्यूमरभोवती रेघ मारून घ्या आणि शेजारच्या कोऱ्या सेक्शनवर तेवढाच भाग ब्लेडने खरवडा. २०२२ मध्ये चीन आणि सिंगापूरच्या गटाने असेच जुने ब्लॉक वापरून १९ प्रोटीन्सचा क्लासिफायर बनवला, साधी गाठ की कॅन्सर ते सांगणारा, आणि मग तो सुईच्या सॅम्पलवर तपासला.

आणि रन ऑर्डर! सगळे नॉर्मल सोमवारी आणि सगळे ट्यूमर मंगळवारी चालवू नका. एका पेशंटची जोडी एकाच बॅचमध्ये, कोण आधी ते चिठ्ठी टाकून.

आकडे

एकाच पेशंटचं ट्यूमर आणि नॉर्मल असेल तर पेअर्ड टेस्ट, लॉग-२ घेऊन. एक सॅम्पल मशीनवर तीनदा चालवलं म्हणजे एन तीन होत नाही, पेशंट मोजा. ५००० प्रोटीन्स तपासली आणि ०.०५ चा कटऑफ ठेवला तर काहीही फरक नसताना अडीचशे "महत्त्वाची" निघतील, म्हणून बेंजामिनी-हॉकबर्ग सुधारणा करून एफडीआर (निवडलेल्यांत खोटी किती याचा अंदाज) द्या. सापडलं नाही म्हणजे शून्य नाही. ट्यूमरमध्ये सिम्पोर्टर "नाही" असं लिहिण्याआधी ते नॉर्मलमध्ये तरी किती नीट सापडलं होतं ते बघा.

स्लाइडवर खात्री

मशीनचा आकडा प्रोटीन किती ते सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. सिम्पोर्टरचंच घ्या, काही ट्यूमरमध्ये ते असतं पण पेशीच्या पडद्यावर न पोचता आतच अडकलेलं दिसतं, मग आयोडिन आत येणार कसं. गॅलेक्टिन-३ मॅक्रोफेजमध्ये पण भरपूर असतं, त्यामुळे लायसेटमध्ये वाढलेलं गॅलेक्टिन ट्यूमरच्या पेशीतलं की घुसलेल्या मॅक्रोफेजमधलं हे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीशिवाय (स्लाइडवर अँटीबॉडीने रंगवल्याशिवाय) कळत नाही. म्हणून निवडलेली दोन-तीन प्रोटीन्स नवीन पेशंटच्या स्लाइडवर रंगवा, त्याच जुन्या नाही.

ऑन्कोसायटिक म्हणजे हर्थल पेशी असतील तर एक खोडी लक्षात ठेवा: त्या माइटोकॉन्ड्रियाने ठासून भरलेल्या असतात आणि त्यांच्यात स्वतःचं बायोटिन खूप असतं. ॲव्हिडिन-बायोटिनवाली किट लावली, त्यात अँटिजन रिट्रीव्हलला तापवलं, की काहीही अँटीबॉडी न घालता पण तपकिरी रंग येतो. पॉलिमर किट वापरा आणि प्राथमिक अँटीबॉडीशिवायची एक स्लाइड प्रत्येक वेळी लावा. बी-राफसाठी व्हीई-१ अँटीबॉडी मिळते, ती व्ही६००ई असलेलंच प्रोटीन ओळखते, म्हणजे स्टेटस स्लाइडवरच बघता येतं.

मार्कर एकटा वापरू नका. सायटोकेराटिन-१९ हाशिमोटोत पण उजळतं, एचबीएमई-१ काही पॅपिलरीत येत नाही. पॅथॉलॉजीत गॅलेक्टिन-३, सायटोकेराटिन-१९ आणि एचबीएमई-१ असं पॅनेल लावतात ते उगाच नाही.

लिहायच्या आधी

तुमची यादी ह्यूमन प्रोटीन ॲटलसमध्ये टाकून बघा, नॉर्मल थायरॉइडच्या रंगवलेल्या स्लाइड तिथे फुकट दिसतात, आणि टीसीजीएच्या आरएनए डेटाशी पण ताडा. आरएनए आणि प्रोटीन जुळलं नाही तर लगेच प्रोटीन टाकून देऊ नका, पण का जुळलं नाही याचं एक वाक्य थिसिसमध्ये हवं, परीक्षक तेच विचारतात. मास स्पेकचा कच्चा डेटा प्राइडवर (मास स्पेक डेटाचं खुलं भांडार) टाका, बहुतेक जर्नल आता मागतातच, आणि सोबतच्या तक्त्यात पेशंटचं नाव, रुग्णालयाचा नंबर किंवा ब्लॉक नंबर राहून गेलेला नाही ना ते दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. कॅन्सरचा प्रकार, बी-राफ, हाशिमोटो आहे की नाही, ट्यूमर पेशींचे टक्के, गोठवायला लागलेली मिनिटं, हे कॉलम मात्र ठेवा, नाहीतर तो डेटा पुढच्या माणसाच्या काहीच उपयोगाचा नाही.